खंडूच्या नावचा नारळ

अमेरिका, ५ जुलै १९६७

ती. आजीस वामनचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. ट्रेनिंगचे चार महिने उरले. जूनच्या पंचवीस तारखेला आम्ही पाच जण एक मोठं तळं बघून आलो. फार पूर्वी ज्वालामुखी फुटून डोंगराचं डोकं आत खचलं, आणि त्या खड्ड्यात पाणी साठलं. केळव्यापासून सातपाटीपर्यंत पसरेल एवढं, दौतीतल्या शाईसारखं निळं. लोक तंबू ठोकतात, होड्या वल्हवतात, गळ टाकून बसतात. भर उन्हाळ्यात कडेला बर्फ! आम्ही डबे खाल्ले, फोटो काढले.

खंडेराव मजेत आहे. त्याचं आईला, साखरमावशींना, लिहिलेलं पत्र सोबत घातलंय, नेहमीसारखं वाचून दाखव.

लोभ आहे तसाच राहावा, एवढं मागणं.

तुझा वामन

बोईसर, १७ जुलै १९६७

चि. वामन यास आजी रत्नाबाईचे अ. उ. आ.

तळं पोचलं. डोंगर फुटला तिथं जाऊन डबे खाणारे तुमीच. मुंबईची माणसं केळव्याला येऊन लाटेला किंचाळतात, त्यांना हसायचास. आता तू त्यातलाच.

आता कामाचं. साखरबाई शेजारच्या खोलीतून हात पुसत आली अन् मी पत्र वाचलं. खंडू लिवतो, नारळी पौर्णिमेला माझ्या नावचा नारळ दर्यात सोड. मोठ्यानं वाचून गेले, मग खटकलं. वऱ्हाडातला पोर तो. त्याच्या घरी नारळ देवीपुढं फोडून वाटतात. मागल्या वर्षी आमी अख्खा नारळ पाण्यात सोडला, तेव्हा वाया का घालवता म्हणून यानंच विचारलं होतं. तो हे लिवेल? त्याच्यासारखं अक्षर तूच वळवून काढलंस, पण डोकं आपल्या कोळवाड्यातलंच चाललं.

साखरबाई म्हणाली, दर्यावर कधीपासून भक्ती बसली याची. मी म्हटलं, वामनची संगत. तुझ्यापायी एक खोटं बोलले, दुसरं बोलणार नाय. तो जिवंत हाय का, एवढं आधी लिव. बाकी तळ्याचं कौतुक मागाहून.

लोभ हाय, पण सध्या गाठ मारून ठेवलाय.

आजी

अमेरिका, २८ जुलै १९६७

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

जिवंत आहे. उजवा हात गेला, कोपराखालून.

तो कडेला यायलाच तयार नव्हता. मी त्याला भित्रा वऱ्हाडी म्हणून चिडवलं. फोटोत पाणी यावं म्हणून आणखी एक पाऊल मागे सर म्हटलं. पायाखालचं बर्फ सुटलं. तो उतारावरून घसरत खाली गेला आणि वरून सुटलेला धोंडा हातावर बसला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी हात काढला.

तो वेल्डिंग शिकायला आला होता, आजी. आता बरा झाला की परत पाठवणार. तो घरी पोचेपर्यंत त्याच्या आईला कळू द्यायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली. म्हणून त्याच्या नावानं मी लिहिलं. त्याच्या खाटेशी बसून लिहीत होतो, मनात दर्याला त्याच्यासाठी नारळ बोलत होतो, तेच कागदावर उतरलं.

तो पोचेपर्यंत तू गप्प राहा. लोभ मागायला मला तोंड नाही.

वामन

बोईसर, १२ ऑगस्ट १९६७

चि. वामन यास आशीर्वाद.

गप्प राहिले नाय. पत्र आलं त्याच दिवशी साखरबाईला सांगितलं. शपथ तुला घातली, मला नाय. पोरगा तसा दारात उभा राहावा अन् आईनं तेव्हा पहिल्यांदा बघावं, म्हणजे तिच्या तोंडाकडं बघूनच तो खचला असता.

ती रडली नाय. नारळाचं पत्र वाचलं त्या दिवसापासून तिला शंका होती म्हणे. खंडूचं पत्र म्हणजे दोन ओळी, अन् हे चांगलं पानभर. मग तिनं विचारलं, मागं सर कोण म्हणालं. मी तुझं नाव सांगितलं. दोन दिवस तिनं माझ्या घरचं पाणी घेतलं नाय. बरोबर केलं.

तिसऱ्या दिवशी आपणहून ताट घेऊन आली, माझ्या शेजारी बसली अन् डाव्या हातानं जेवायला लागली. भाकरी तुटेना, आमटी कोपरापर्यंत ओघळली. मी ओरडले, हा काय खुळेपणा. तर म्हणाली, चार माणसांत डाव्या हातानं जेवायला खंडूला लाज वाटेल. घरात सगळेच तसे जेवत असले तर नाय वाटणार. तो येईस्तोवर हात बसवते.

तेव्हा तू आजपासून डाव्या हातानं जेवायचं. त्याच्यासमोर बसून, काटे-चमचे बाजूला ठेवून. अन् त्याला सांग, पुढलं पत्र त्यानं स्वतः लिवायचं. वाकडं तर वाकडं, दोन ओळी तर दोन ओळी. तुझं वळणदार अक्षर इथं कोणाला नको.

पौर्णिमेला खंडूच्या नावचा नारळ सोडायचा नाय, असं साखरबाईनं बजावलंय. पाण्यानं घेतलं तेवढं पुरे, म्हणाली.

लोभाची गाठ थोडी सैल केलीय, उगाच हुरळू नको. लुगड्यावर आमटीचे डाग पडलेत. मलाही अजून जमत नाय.

आजी