काचेवरची खळ

पाचपावली, नागपूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. भूमिका,
अनेक आशीर्वाद.

इकडे बरं आहे. नळ दिवसाआड येतो. शेजारच्या सिंधूताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता आल्या की भिंती बघत बसतात. "शामला, किती जाळे झाले वं तुह्या घरात. मले आजवर दिसलेच नाही," म्हणतात. मी म्हटलं, ताई, तुमचं ऑपरेशन मलेच महागात पडून राहिलं.

तुझ्या प्रबंधाची अर्पणपत्रिका आणि तू माझ्यासाठी मराठीत लिहिलेली सहा पानं तुझ्या मैत्रिणीनं, रोशनीनं, छापून आणून दिली. वीस तारखेला प्रबंध द्यायचा आहे, त्याआधी मराठी तपास म्हणालीस. चार वेळा वाचलं. पहिल्यांदा 'रोधी थर' मी 'विरोधी थर' वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

समजलं ते लिहिते. दोन काचांच्या मधे वायू. आकाशातून आलेला कण त्यातून गेला की ठिणगीसारखं काही उडतं, त्यावरून कण कळतो. काच वीज सहज जाऊ देत नाही, तोच तुझा रोधी थर, म्हणून ठिणगी तिथल्या तिथे विझते आणि यंत्र वाचतं. पण हा अडसर फार झाला, तर विझलेली जागा लवकर भरून येत नाही. तेवढ्यात तिथून दुसरा कण गेला तरी यंत्राला पत्ता लागत नाही.

इथे मी पानं खाली ठेवली आणि भाजी निवडायला घेतली.

काचेवर वीज पसरवणारा तो काळा लेप तुला एकसारखा जमेना, तेव्हा तू फोनवर विचारलं होतंस, आजोबा मागावरच्या सुताला पेजेची खळ कशी लावायचे. मी सांगितलं, पातळ लाव, कुंचा एकाच दिशेनं फिरव. एक सांगायचं राहिलं. खळ कमी पडली तर धागा मागावर पिंजतो, म्हणून लग्नानंतर मी भीतीनं जाडच लावायची. मग धागा कडक होऊन तुटायचा. तुझे आजोबा ओरडायचे नाहीत. म्हणायचे, "सूनबाई, हे खळ सुतासाठी हाय, तुह्या भेवासाठी नाही."

आता तुझी ओळ. 'शेवटच्या दिवसांतही ज्यांनी माझं काम मोडू दिलं नाही, त्या बाबांना.'

शुद्धलेखन बरोबर आहे. ओळ खरी नाही. चूक तुझी नाही, माझी आहे.

बाबा दवाखान्यात होते ते सहा दिवस तू परदेशात होतीस, तुझ्या यंत्राची चाचणी चालू होती. ते गेले, सगळं आटोपलं, मग मी तुला कळवलं. सांगितलं, बाबाच म्हणाले होते, पोरीला कळवू नको. नंतर दोन वर्षं माझ्याशी नीट बोललीस, पण त्यांचा विषय कधी काढला नाहीस. मला वाटायचं, दुःख निवलं. तसं नव्हतं, तुझीही जागा भरून आली नव्हती, हे तुझी ती पानं वाचून कळलं.

ते असं म्हणाले नव्हते. तिसऱ्या दिवशी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाले, "भूमिकेले फोन लाव वं." मी म्हटलं, लावते. चौथ्या दिवशी विचारलं, "लावला का?" मी म्हटलं, लागत नाही. पाचव्या दिवशी विचारलं नाही. दाराकडे पाहत राहिले.

का केलं, तेही लिहिते. माझ्या आईच्या आजारपणात मला चौथीतून घरी आणलं. आई गेली, पण मला परत शाळेत कोणी नेलं नाही. पुढचं वाचणं मी सुताच्या गठ्ठ्यांवरच्या कागदांवर शिकले. मला वाटलं, तू आलीस तर तुझंही तसंच होईल. तू माझ्यापाशी राहून जाशील. तू माझ्यासारखी नाहीस, हे तेव्हा सुचलं नाही. माझ्या भेवापायी तुमच्या दोघांचा निरोप राहिला. गेलेला माणूस तुला कळवायचं टाळत होता, असं दोन वर्षं मी तुला वाटू दिलं, हे त्याहून वाईट.

फोनवर हे सांगायला तीनदा बसले. तुझा आवाज आला की मी पाण्याचं, भाजीचं बोलायची. म्हणून पत्र. रोशनी उद्या सकाळी येऊन पोस्टात टाकेल. वीस तारखेच्या आत पोचेल.

ओळ बदल. नुसतं 'बाबांना' पुरे. त्यांनी तुला बोलावलं होतं.

आजवर मी प्रत्येक पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' लिहिलं आणि कळवायचं तेच ठेवून घेतलं. आज कळवलं. लोभाचं तू ठरव.

तुझी
आई