चार बोटांवरचा माइक

बाई, गेल्या दोन महिन्यांत मी दोन माइक घेतले. पहिला चुकीचा निघाला. दुसरा घ्यायला अकोल्याला गेले आणि ते दुकान नेमकं तुमच्या गल्लीच्या तोंडाशी निघालं, म्हणून हे लिहायला बसले. शाळेच्या ऑफिसातली नोकरी संपल्यापासून मी इथे अमरावतीत कॉलेजच्या अंध मुलांसाठी अभ्यासाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. आधी मोबाइलवर करायची. आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा. मग इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून गाण्याच्या स्टुडिओत असतो तसला कंडेन्सर माइक मागवला, आणि तो संगणकाला जोडायची छोटी पेटी, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. बाजूला काढलेली रक्कम तेवढ्यातच संपली, म्हणून हेडफोन हाताला लागले ते घेतले. चूक तिथेच झाली. त्या माइकला सगळं ऐकू यायचं, शेजारची पिठाची गिरणी, कूलर, माझ्या बांगड्या. आणि त्या हेडफोनमधून मला त्यातलं काहीच ऐकू यायचं नाही. अख्खं पुस्तक मी असं वाचून दिलं.

दर्यापूरकडची एक मुलगी आहे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. जन्मापासून दिसत नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर असताना ती बसने आली, पायऱ्या मोजत वर आली आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "मॅडम, राग नोका मानू. तुमच्या आवाजामागं गिरनी चालून राहते. अर्ध्या तासात डोकं दुखते."

मी म्हटलं, "आधी कावून नाही सांगितलं?"

"तुमी फुकट वाचून देता ना. कसं सांगू?" मग म्हणाली, "आनि चौथ्या धड्यात तुमी दोन पानं संगंच पलटवले. मधातलं गेलं."

"तुले कसं समजलं?"

"पानाचा आवाज जाड आला."

ती गेल्यावर ते पुस्तक काढलं. खरंच दोन पानं चिकटलेली होती, आणि अलीकडचं वाक्य पलीकडच्या वाक्याला असं जुळलं होतं की वाचताना मला शंकाही आली नाही.

अकोल्याच्या दुकानदाराने मला माइक दाखवायच्या आधी माझ्या खोलीची चौकशी केली. "खिडकी कोन्या बाजूनं हाये? कूलर बंद करता येते का? तुमी गाता का नुसतं बोलता?" सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "मग हा महागाचा तुमच्या कामाचा नाही, मॅडम. हा बंद खोलीतला माइक हाये. तुमाले डायनॅमिक पायजे. तो जवळचं ऐकते, दूरचं सोडून देते." त्याने कंडेन्सर माइक ठेवून घेतला, बदल्यात साधा डायनॅमिक दिला, टेबलाला आवळायचा स्टँड दिला आणि उरलेल्या पैशांत कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्यायला लावले. प-फ-भ म्हणताना माइकवर फुंकर बसू नये म्हणून तोंडासमोर जाळी लागते. ती विकत घेऊ नका, भरतकामाच्या रिंगवर पायमोजा ताणून बसवा, म्हणाला. भिंतींना घरातल्या गोधड्या टांगायच्या. तोंड माइकपासून चार बोटं, जास्त नाही. मी तिथेच हात लावून मोजून पाहिलं.

बाहेर पडून तुमच्या गल्लीत गेले. घराच्या जागी आता दुमजली इमारत आहे, खाली औषधांचं दुकान. उभं राहण्यासारखं काही नव्हतं, तरी उभी राहिले. बार्शीटाकळीहून कॉलेजसाठी मी तुमच्याकडे आले तेव्हा ठरलं होतं, खोलीचं भाडं नाही, त्याऐवजी रोज दुपारी वाचून दाखवायचं. तुम्ही शाळेत गाणं शिकवून यायच्या, स्वयंपाकघरात पाट घेऊन बसायच्या आणि मी वाचत असताना तुरीची डाळ निवडायच्या, डोळ्यांनी नाही, बोटांनी. खडा सापडला की तो ताटाच्या कडेला टक्कन ठेवायच्या. पहिल्याच आठवड्यात मी भराभर वाचत होते, कारण मैत्रिणी थांबल्या होत्या. तुमचा हात थांबतो. "तू वाचून नाही राहिली, पोरी. निपटवून राहिली. जा, उद्या ये." मी जात नाही. तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचते, आणि तुम्ही डाळ पुढे निवडायला घेता. आजही रेकॉर्ड करताना मी जी गती धरते ती तुम्ही लावलेली आहे.

शेवटच्या वर्षी, दिवाळीच्या आधी, नागपूरहून तुमच्या भावाचं पत्र आलं. तुमची पत्रं मीच वाचायची आणि उत्तरंही मीच लिहायची. पत्रात मुलांची खुशाली होती, घराला रंग दिल्याचं होतं आणि मग लिहिलं होतं, "ताई, आता एकटी राहू नकोस. मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे. दिवाळी झाली की न्यायला येतो, फक्त हो म्हण." मी रंगापर्यंत वाचलं आणि खालच्या नमस्कारावर गेले. आवाज हलला नाही. तुम्ही विचारलं, "बस, एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." तुम्ही उत्तर सांगितलं, मी बरी आहे, घराला कोणता रंग दिला ते कळव. मी ते अक्षरन् अक्षर लिहिलं आणि पेटीत टाकून आले. पुढे त्याच्या पत्रात तो विषय आला नाही.

मी पास झाले, अमरावतीला नोकरी लागली. तुम्ही आणखी चार वर्षं त्या घरात एकट्या होतात. मग एका सकाळी न्हाणीघरात पडलात. शेजारणीला दुपारी कळलं, दवाखान्यात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी तिथेच गेलात. अंत्यविधीला मी आले होते. तुमचा भाऊ मला ओळखत नव्हता, पण मी तुमच्याकडे राहत होते हे कळल्यावर जवळ येऊन म्हणाला, "मी बोलावलं होतं तिले. रंगाचं विचारलं, पन यायचं नाव नाही काढलं. लय हट्टी होती." मी म्हटलं, "हो, हट्टी होत्या." तेव्हा तो रडायला लागला. मी त्याला पाणी आणून दिलं.

अकोल्याहून परतल्यावर पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचलं. गिरणी येत नाही. मुलीने ते ऐकून परीक्षा दिली आणि परवा फोन केला, "आता तुमी समोर बसल्यासारखं वाटते." तिने मधल्या पानांचं पुन्हा काढलं नाही, मीही नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पाठवलं असतं तरी तुम्हाला ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की परीक्षेचं वर्ष होतं, अकोल्यात दुसरी खोली परवडली नसती, म्हणून ती ओळ वाचली नाही. पण माझी परीक्षा एप्रिलमध्ये संपली आणि निकाल लागून नोकरी मिळेपर्यंत पावसाळा आला. तेवढे महिने मी रोज तुमच्यासमोर बसून वाचत होते. तेव्हा सांगता आलं असतं. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलेलं मला नको होतं, बाई. बाकी कारण काही नव्हतं.