आखितीच्या आधीचं पाणी

प्रिय आई,

आज आखिती, अक्षय्य तृतीया. तुझं वर्षश्राद्ध होऊन गेलं, त्यामुळं पितरांच्या पाण्यात यंदा पहिल्यांदाच तुझं नाव घेतलं. नवा माठ भरला, त्यातलं पाणी मातीच्या लहान कऱ्यात ओतून तुझ्या फोटोपुढं ठेवलं, शेजारी आंबा ठेवला. आणि मग हे पत्र लिहायला बसले, कारण मला रडू येत नाहीये, राग येतोय, आणि तो ऐकायला तू समोर नाहीस.

राग तुझ्या त्या नेमाचाच आहे! पितरांना पाजल्याशिवाय नव्या माठाला तोंड लावायचं नाही. गेल्या सालचा माठ कोंबड्यांच्या पाण्याला, नवा कोपऱ्यात पालथा, आणि आखितीपर्यंत स्टीलची घागर. फ्रीजच्या पाण्यानं तुझा घसा धरायचा, म्हणून तेही नको. आजीच्या काळात हे निभावून गेलं असेल. तेव्हा दिवस कितीही तापला तरी रात्र निवायची, पहाटे घागर हाताला गार लागायची. आता होळी झाली की घागरीतलं पाणी रात्रंदिवस कोमटच. कोमट पाण्यानं तहान मोडत नाही म्हणायचीस आणि दोन घोट घेऊन तांब्या ठेवून द्यायचीस.

एकदा गावी, ईटच्या घरी, आपण दोघी स्लॅबवर अंथरूण टाकून पडलो होतो. तू विचारलंस, "रात बी का निवंना झालीय गं?" शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला आणखी काय पाहिजे! मी उठून बसले. ऊन जमिनीला तापवतं, तापलेली जमीन ती उष्णता वर सोडत राहते, रात्रीसुद्धा. हवेतले काही वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ, हे उन्हाला खाली येऊ देतात, पण जमिनीतून निघालेली उष्णता धरतात आणि त्यातली बरीच परत खाली पाठवतात. ते मुळीच नसते तर पृथ्वी गारठून गेली असती. पण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून माणसानं ते वाढवत नेले, म्हणून जमीन पूर्वीसारखी निवत नाही.

वर्गात देते तसं गोधडीचं उदाहरणही दिलं. तुला ते पटलं नाही. तू म्हणालीस, "गोधडीत उकडाय लागलं तर पायानं ढकलून देता येती. ही येती का ढकलाय?"

नाही येत, आई. आज धूर थांबवला तरी वर गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहणार. मिथेन लवकर विरतो, हे सांगताना गुरांच्या ढेकरांचा विषय निघाला, तर तू रुसलीस. आता माझ्या म्हशीला बी नावं ठेव म्हणालीस. मग कुशीवर वळून विचारलंस, "एवढा धूर केला कुणी? आमच्या चुलीनं?"

चुलीनं नाही गं! तुझ्या चुलीचा वाटा तो कितीसा! विजेसाठी, कारखान्यांसाठी, गाड्यांसाठी डोंगराएवढा कोळसा आणि तेल जाळलं गेलं. सगळ्यात जास्त त्या मुलखांत, ज्यांची नावं तुला उच्चारताही आली नसती. तिथं गारव्याची यंत्रं आहेत. पण वायूला शीव कळत नाही, तो ईटच्या रानावरही तेवढाच आहे. हे सांगताना मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. पावसाळा आला की शाळेत रोपं लावून फोटो काढतो आम्ही. झाडं हवीतच, पण त्या फोटोत मी हसते तेव्हा मला माझीच चीड येते.

आणि तू? तुला सगळं समजलं होतं. माझ्या वर्गापेक्षा चांगलं समजलं होतं. तरी पुढच्या चैत्रात माठ पालथाच! ऋतू सरकला, मग नेम का सरकू नये, असं तुला एकदाही वाटलं नाही का?

गेल्या वर्षी आखिती तोंडावर आली असताना तू भर उन्हात कांदा काढत बसलीस. घरी आलीस ती अंग फणफणलेलं घेऊन. रात्र निवली नाही आणि तुझं अंगही निवलं नाही. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. माठातल्या पाण्यानं तू वाचली असतीस असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पोटभर पाणी तरी प्याली असतीस ना? मेलेल्यांसाठी गार पाणी राखून ठेवता ठेवता तूच त्यांच्यात जाऊन बसलीस.

यंदा मी होळीलाच माठ आणून भरला. तुझ्या कारभाऱ्यांनी, अण्णांनी, तो माझ्यादेखत रिकामा केला आणि पालथा घातला. मी भांडले, रडले, डॉक्टरांची भीती घातली. ते एवढंच म्हणाले, "तिला पाजल्याबिगर म्या कसा पिऊ?"

चैत्रात ते गोठ्यात चक्कर येऊन पडले. सलाइन लावावी लागली. घरी आले आणि पुन्हा तीच घागर! आज सकाळी तुझ्यापुढं करा ठेवल्यावर ते माठापाशी बसले आणि तांब्यावर तांब्या प्याले. लोक म्हणतील काय ही माया! मला मात्र त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. आई, तू गेलीस. मला अण्णाही असेच घालवायचे नाहीत.

तेव्हा शब्द देते. पुढच्या वर्षीही होळीलाच माठ भरेन आणि पहिला करा त्याच दिवशी तुझ्या नावानं ठेवेन. तिथी चुकली म्हणून जो दोष लागायचा तो मला लागू दे. शाळेत वायूंचा धडा शिकवताना गोधडीनंतर तुझा प्रश्नही विचारेन, धूर केला कुणी, आणि उत्तर झाडांच्या फोटोवर भागवणार नाही.

पण माझ्या एकटीनं होणार नाही. अण्णा माझं ऐकत नाहीत, ते तुझंच ऐकतात. म्हणून आई, तू आखितीची वाट बघत बसू नकोस. होळीलाच ये, आणि त्यांच्या आधी पाणी पिऊन घे.

तुझ्यावर रागावलेली,
मंगल