लाइट आल्यावर ओरडू नये

३ मे
आलो एकदाचे कालाबारात! सामान अजून दारातच पडलंय, पण आधी वीज आणि मग बाकीचा संसार, असं मी नवऱ्याला, ओतूला, उयोहून निघतानाच बजावलं होतं. इदाराच्या ऑक्सिजनच्या मशीनला खंड चालत नाही. सहा वर्षांची पोर, जरा आडवी झाली की तिची फुप्फुसं कामचुकारपणा करतात. म्हणून मिस्त्री सकाळीच बोलावला. इन्व्हर्टर भिंतीवर, बॅटऱ्या खिडकीपाशी वाऱ्याला. जनरेटर मागच्या अंगणात, घरापासून लांब, पिंजऱ्यात कुलूप लावून. धूर पोरीच्या नाकात नको आणि जनरेटर चोराच्या हातात नको. चेंजओव्हरही तिथंच. दांडा वर केला की सरकारी लाइट, खाली केला की आपली. मिस्त्री म्हणाला, मॅडम, आता तुमच्या घरात देवालासुद्धा अंधार करता यायचा नाही. खूश होऊन मी त्याला अळकुड्यांचं एक्पांग दोनदा वाढलं.

संध्याकाळी लाइट गेली आणि जेवणाआधी आली. सवयीनं मी खिडकीत हात वर करून ओरडले, "आली रे, लाइट आली!" उयोला अख्खी गल्ली ओरडते, काठी टेकणारे म्हातारेसुद्धा. इथं कोणी हूं की चूं केलं नाही. समोरच्यांनी तर दार लावून घेतलं. शिष्ट आहेत लोक.

७ मे
समोरच्या आफिओंग आँटी आल्या. आत या म्हटलं तर नको म्हणाल्या, उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. बाई गं, या गल्लीत लाइट आली की तोंड मिटून बसायचं, जो ओरडतो त्याचा आवाज ती उचलते, म्हणाल्या. ती कोण, असं विचारलं. अगं, नाव ठाऊक असतं तर नाव घेऊन शिव्या नसत्या का घातल्या, म्हणाल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या नवऱ्यानं म्हणे असंच हौसेनं ओरडून घेतलं आणि हळूहळू तो मुका झाला. मग एकदा त्याच्याच आवाजानं गल्लीतून सांगितलं, की लाइट आली. थोरल्या मुलानं ते खरं मानून जनरेटर बंद केला. अंधार झाला, आणि मुलगा त्या अंधारातून परत आला नाही.

बिचारीला दुःखानं भ्रम झाला असावा. माझा घसा सकाळपासून बसलाय. सामानाची धूळ असेल.

१२ मे
ट्रान्सफॉर्मर जळाला. सगळा भाग अंधारात. ओतू पेट्रोलच्या रांगेतच राहतो म्हटलं तरी चालेल. माझा आवाज पार गेलाय. डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. ओतू म्हणतो, चला, घरात शांतता आली. मी हसले, तर तोंडातून नुसता वारा आला.

१५ मे
दुपारी ओतू जनरेटरपाशी होता. गल्लीतून हाक आली, लाइट आली. अगदी आनंदानं. आवाज माझा होता.

ओतूनं जनरेटर बंद केला, दांडा वर केला. लाइट नव्हतीच. बॅटऱ्यांवर मशीन चालू राहिलं म्हणून निभावलं. आत येऊन तो माझ्यावरच वैतागला, की आवाज परत आलाय तर ही काय थट्टेची वेळ आहे का. मी तर इदाराचा मास्क धरून बसले होते. त्याला सगळं लिहून दाखवलं. त्यानं वाचलं आणि ताप आहे का म्हणून माझ्या कपाळाला हात लावला.

नंतर इदारानं विचारलं, की पडद्यामागची मम्मी कधी जाणार.

१६ मे
मला फार भीती वाटते. हॉस्पिटलात खाट नाही. सिलिंडर आणि गाडी मिळाली की उयोला जायचं, पण दोन्हींचा पत्ता नाही. बॅटऱ्या उतरल्यात, चार्ज धरत नाहीत. आता सगळी मदार जनरेटरवर. ओतूला लिहून शपथ घातली, की काहीही ऐकलंस तरी बंद करू नकोस. तो हो म्हणाला. लहान मुलाला म्हणतात, तसं.

१७ मे
संध्याकाळ. जनरेटर धापा टाकतोय. पेट्रोलात पाणी असणार. ओतू बघायला गेलाय —

पुन्हा तो आवाज. गल्लीतून नाही. आमच्या स्वयंपाकघरातून. ओतू, अरे लाइट आली, बंद कर ते, पोरीला धुराचा त्रास होतोय —

किती मायेनं सांगतेय. अगदी मीच.

ओरडतेय मी. नुसता वारा. ताट आपटलं. जनरेटरपुढं त्याला माझं काय ऐकू, तिचंच तेवढं जातं —

स्वयंपाकघराकडचं मधलं दार उघडत नाही. पोरीला उचलून न्यावं तर नळी पुरत नाही —

एवढं लिहून वही मागच्या खिडकीतून फेकते. त्याला दिसेल. ओतू ती मी नाही. बंद करू नको. ती मी नाही ती मी ना —

जनरेटर थांबला.

मशीनची शिट्टी. काही दिसत नाही. इदाराचा हात घट्ट धरलाय —

खोलीत कोणीतरी माझ्या आवाजात म्हणतंय, ये बाळा.

इदारा म्हणाली, आले मम्मी. मग मला म्हणाली, माझा हात सोड —