कानामागचं हाड

आई, तुझा आंबा पुढच्या आठवड्यात पडणार आहे. माणच्या रानाचा व्यवहार झाला. धाकट्या भावाने फोनवर सांगितलं, "आक्का, जेसीबी येतोय. आता आईच्या डोक्यावर सात मजले!" आणि स्वतःच हसला. मी हसले नाही, रागावलेही नाही. जमीन त्याच्या नावावर आहे आणि मी भूगावच्या फ्लॅटमध्ये राहते, मी काय बोलणार? संध्याकाळी नेहमीसारखा पोरीचा फोन आला, तिला हे सांगितलं.

तुझी नात परदेशात हाडं शिकते. कुणा अनोळखी माणसांची, जुनी, जळालेलीसुद्धा. ती माणसं काय खायची, कशाने आजारी पडायची, कुठली होती, हे हाडांवरून कळतं म्हणे. तिथे गेल्यापासून मलाही सारखं विचारते. आजीला साखर होती का? पणजी कशाने गेली? तुझे डोळे शेवटी गेले, आता काचबिंदू माझ्याकडे आलाय. डॉक्टरही विचारतात, "आईच्या आधी घरात कुणाला होता?" तिथे माझं उत्तर संपतं. तुझ्या आधी कुणी होतं, हेच आम्हाला ठाऊक नाही.

भाऊबीजेला तू चंद्राला ओवाळायचीस. ज्यांना भाऊ नाही त्या बायका ओवाळतात तशी. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आलेले. तू अंगणात ताट घेऊन उभी आहेस, आणि मी विचारते, "आई, तुझं माहेर कुठलं?" तू ताट खाली ठेवत नाहीस. "कालेजात ह्येच शिकवत्यात व्हय? आईची मुळं उकरायला? मी हितलीच हाय." मग चूल पेटवलीस आणि ज्वारीची भाकरी थापलीस. आपल्याकडे भाताचं रान, सगळ्या घरांत तांदळाची भाकरी. तुझ्या हाताला ज्वारीचीच सवय होती. त्यावर बायका पाणवठ्यावर काय बोलायच्या ते तुला ऐकू यायचं, मलाही यायचं.

जाताना तू एकच मागितलंस. "नदीत सोडू नगा. हितल्याच मातीत घाला." म्हणून तिसऱ्या दिवशी सावडून आणलेलं सगळं बांधाजवळच्या खड्ड्यात घातलं, वर आंब्याचं रोप लावलं. तू इथलीच झालीस, कुणाची हरकत राहिली नाही.

पोर फोनवर म्हणाली, "आई, जेसीबी यायच्या आधी खणून बघ. कानामागचं हाड फार घट्ट असतं, जाळलं तरी राहतं. लहानपणी कुठल्या मातीतलं खाल्लं, त्याची खूण त्यात असते." कसं दिसतं ते तिने चित्र काढून पाठवलं.

मी रविवारी रानात गेले. धाकटा मागून आला. "काय उकरतीयास, आक्का?"

"माती नेते. कुंडीला."

त्याने खड्ड्यात वाकून पाहिलं. "आईची?" म्हणाला, आणि माझ्या हातातली कुदळ काढून घेतली. "सर बाजूला, तुला जमायचं न्हाई." मुळांनी सगळं धरून ठेवलं होतं. फुटक्या चुनखडीसारखे पांढरे तुकडे निघाले, कुठे निळसर झाक. त्याने पायातली चप्पल काढून ठेवली. मला काही वाटलं नाही. वाटेल म्हणून मी थांबूनही पाहिलं.

घरी तुकडे धुतले, वर्तमानपत्रावर मांडले आणि पोरीला व्हिडिओवर दाखवले.  तिने एकेक तुकडा कॅमेऱ्याजवळ धरायला लावला. मग म्हणाली, "तो डावीकडचा. तोच. आई, गाव नाही सांगता येणार, पण कुठल्या भागातली होती ते कळेल. सुट्टीत आले की नेईन. नमुन्यासाठी थोडा घासावा लागेल. करू का?"

"विचारून सांगते," मी म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, विचारायचं कुणाला. तू काय म्हणशील ते मला पाठ आहे.

बाकीचे तुकडे माझ्या गॅलरीतल्या कुंडीत आहेत. माती तिथलीच आणली आहे. तेवढा एक डबीत वेगळा ठेवलाय. आज सकाळी तिला "कर" म्हणून कळवलं. धाकट्याला म्हणाले, पोरीच्या अभ्यासाला लागतंय. तो म्हणाला, "मग दे की."

अभ्यासाचं खोटंच सांगितलं, आई. तिच्याकडे हाडं पुष्कळ आहेत. तू कुठली, ते मला हवंय.