खांद्यावर ठेवायचा हात

झाशी,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. अमोघ यास अनुआत्याचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुम्हीही मजेत असाल. कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस, फोन बिघडलेला नाही. लिहावंसं वाटलं, म्हणून लिहिते आहे. प्रियाला सांग, तिळाच्या वड्या पोचल्या. वाटेत त्यांचा पार भुगा झाला होता. तुझ्या काकांनी तो चमच्याने खाल्ला आणि वर सुनेचं कौतुकही केलं.

तुझी पटकथा वाचली. मोबाइलवर वाचणं जमेना, म्हणून छापून आणली. आपल्या जवळचं दुकान बंद आहे, तेव्हा सदर बाजारापर्यंत जावं लागलं. तिथल्या माणसाने पहिलं पान वाचलं आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "अम्माजी, ये सुपारी किलर वाली आपकी है?" मी म्हटलं, "भतीजे की है. हम तो बस देखते हैं." तो बिचारा उठून उभाच राहिला.

तू माझं मत मागितलंस ते बरं केलंस. आपल्या घरात असले सिनेमे माझ्याइतके कोणी पाहिलेले नाहीत. कॉलेजात मुलींना सूरदास-मीरा शिकवण्यात जन्म गेला, पण दर रविवारी दुपारी जेवण झालं की मला मारामारी लागते. त्यातही दोन मारेकरी एकमेकांच्या मागावर असले म्हणजे काही विचारायलाच नको.

आधी चांगलं सांगते. तुझ्या राणाला आणि फर्नांडिसला जगात एकमेकांइतकं कोणी ओळखत नाही. राणा जिना कसा चढतो, दार ढकलण्याआधी फर्नांडिस कुठल्या बाजूला थांबतो, हे त्यांच्या बायकांनासुद्धा माहीत नसतं. असल्या गोष्टींची खरी गंमत मला तिथेच वाटते. प्रेमाच्या सिनेमात दोन माणसं एकमेकांकडे इतकं लक्ष देताना मी पाहिलेली नाहीत. आणि बघणारा नकळत खुन्याच्या बाजूला जाऊन बसतो, त्याचा नेम चुकू नये म्हणून जीव मुठीत धरतो, तेही तुला साधलं आहे. मालगोदामातला पाठलाग वाचताना माझी मेथीची भाजी करपली.

आता दोष. काकांचा आक्षेप नेहमीचाच: हे लोक जेवतात कधी? राणा सकाळी पुण्यात, दुपारी दमणला, संध्याकाळी छपरावर, आणि पोटात अन्नाचा कण नाही. रेल्वेच्या हिशेब खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असंच दिसणार.

माझं म्हणणं वेगळं आहे. फर्नांडिस मरताना दीड पान बोलतो. अमोघ, गोळी लागलेला माणूस असं बोलत नाही रे. तो नुसतं "अरे" म्हणतो. गर्दीत कुणाचा धक्का लागला की आपण म्हणतो ना, तसं. मग काउंटरवर हात टेकतो आणि खाली बसतो. हे तू बदल.

दुसरं, त्यांचं ते तत्त्व. बायका-मुलांना हात लावायचा नाही, निरपराध्याला मारायचं नाही, एकमेकांचा मान ठेवायचा. सगळ्याच सिनेमांत असतं ते. मलाही आवडायचं.

आणि तिसरी गोष्ट, तीच मुख्य. बाविसाव्या पानावर राणा भर बाजारात एकाला उडवतो. तिथे चहाच्या टपरीवर एक म्हातारा बसलेला आहे. त्याच्या हातातला ग्लास पडतो, राणा त्याच्याकडे बघतो आणि निघून जातो. पुढे शंभर पानं आहेत, त्यांत तो म्हातारा कुठेच नाही. त्याने राणाचा चेहरा पाहिला आहे. त्या संध्याकाळी तो घरी गेला, तेव्हा बायकोला काय म्हणाला? दुसऱ्या दिवशी तो चहाला आला का? तुमच्या सगळ्या सिनेमांत ही माणसं ग्लास पाडतात आणि नाहीशी होतात. मी इतकी वर्षं बघत आले, पण मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

यंदा होळीला इकडे येणार होतास ना? नको येऊस. ऊन फार लवकर तापायला लागलंय.

नाही, असं अर्धवट लिहिण्यात अर्थ नाही. ऊन काही तापलेलं नाही. काका आत रेडिओ लावून बसले आहेत, तेवढ्यात लिहून टाकते. तुझ्या बाबांना मात्र यातलं एक अक्षर सांगू नकोस, त्यांचं ब्लडप्रेशर आधीच वर असतं.

जवळचं दुकान म्हणजे सक्सेनाजींचं. खंडेराव गेटकडून येताना उजव्या हाताला, तू लहानपणी तिथून पतंगाचे कागद आणायचास. चिरगाँवच्या रस्त्याला त्यांची जमीन होती. तिच्यावर दोन बिल्डरांचा डोळा होता, आणि दोघांनीही आपापली माणसं पाळलेली. सक्सेनाजींनी एकाला शब्द दिला. जानेवारीत, भर सकाळी, दुसऱ्याची माणसं मोटारसायकलवर आली. मागे बसलेला खाली उतरला, आत गेला आणि सक्सेनाजींना गोळी घालून बाहेर आला. त्या वेळी काउंटरशी तुझे काका उभे होते. पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला गेले होते.

चेहऱ्यावर रुमाल नाही, काही नाही. त्याने काकांकडे नीट पाहिलं आणि गेला. काकांचा स्वभाव तुला माहीत आहे. दरोगाजी, म्हणजे इथले फौजदार, आले तेव्हा मोहल्ला जमलेला होता. बाकी सगळे म्हणाले, आमची पाठ होती, आम्ही नंतर आलो. काका म्हणाले, "मैंने देखा है. सामने आया तो पहचान लूँगा." मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला होता.

मग माघी गणपतीचा दिवस. देवळातून परतताना आम्ही चाटच्या गाडीपाशी थांबलो. शेजारी एक पोरगा उभा होता, निळं जॅकेट, हातात टिक्कीचा द्रोण. काकांचा हात एकदम माझ्या दंडावर आला. म्हणाले, "अनु, वळू नकोस. निळ्या जॅकेटवाला. दुकानात आला होता तो हाच."

मराठीत म्हणाले रे. मोठ्याने नाही, पण अगदी सहज. आपण सगळे इथे जन्मभर असंच करत आलो. साडीवाल्याचा भाव जास्त वाटला, मराठीत. पाहुण्याच्या ताटातलं काही संपत आलं, मराठीत. तुझे बाबा आणि मी लहानपणी टांग्यात बसून टांगेवाल्याच्याच मिशांना नावं ठेवायचो. मराठी म्हणजे आपली आतून कडी लावलेली खोली. या गावात ती कोणाला कळते? मीही बोलून गेले, "हा? ह्याला तर धड मिशासुद्धा नाहीत!"

त्या पोराने टिक्की संपवली, हात पुसले आणि आमच्यापुढे येऊन उभा राहिला. स्वच्छ मराठीत म्हणाला, "काका, ओळखलंत ना? मीपण ओळखलं तुम्हाला. काकू, तिखट फार आहे, जपून खा." तोच पुढे म्हणाला, "चाकणला होतो पाच-सहा वर्षं, कंपनीत. तिथे शिकलो. इथे बोलायला कोणी भेटत नाही."

अमोघ, हेच वाक्य मी आयुष्यभर म्हणत आले आहे.

तेव्हापासून तो कधी कधी फोन करतो. शिव्या नाहीत, आवाज चढवणं नाही. "काकू, काका आहेत का?" इतकंच, तुझ्या मित्रांपैकी कोणी करावा तसा. परवा पहिल्या बिल्डरचा, म्हणजे ज्याला शब्द दिला होता त्याचा, माणूस पकडला गेला. सक्सेनाजींनी आपल्या साहेबाला दिलेला शब्द फिरवला म्हणून त्यानेच मारलं, असं पोलीस ठाण्यातल्या लोकांचं मत पडलंय. काकांना ओळख परेडसाठी वीस तारखेला जेलमध्ये बोलावलं आहे. रांगेतल्या ज्याला पाहिलं असेल, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा असतो.

काल संध्याकाळी त्या निळ्या जॅकेटवाल्याचा फोन आला. म्हणाला, "काका, डाव्या भुवईवर जखमेची खूण असेल. हात ठेवा आणि घरी या. तो काही चांगला माणूस नाही. त्याच्यावर आधीच तीन खून आहेत, एक वाढला तर काय बिघडतं? काकू रोज सकाळी एकट्या देवळात जातात ना?"

तुझे दोघे एकमेकांना संपवायला छपरांवरून उड्या मारतात, बंदुका रोखतात. इथे एका मारेकऱ्याला दुसऱ्याला संपवायचंय, तर त्याने एका पेन्शनराचा हात मागितला आहे. ही कल्पना तुला सुचली असती, तर मी शाबासकी दिली असती.

कोणाकडे जावं ते कळत नाही. दरोगाजींना सांगावं, तर ते पकडलेल्या माणसालाच धरून बसले आहेत. त्यात आम्ही काय बोलतो ते कोणाकरवी कुठे पोचेल, सांगता येत नाही. ओळखीचे एक वकील म्हणाले, "बाबूजी, बीमार पड़ जाइए." काका म्हणाले, किती दिवस? पुण्याला निघून यावं असंही मनात आलं. पण पुण्यात तर सगळेच मराठी बोलतात, त्यात तो सहज मिसळून जाईल. बघ, मी काय काय विचार करायला लागले आहे.

२३ फेब्रुवारी

पत्र टाकायचं राहून गेलं. आता पुढचं लिहिते.

वीस तारखेला सकाळी मी काकांना काहीच सांगितलं नाही. हात ठेवा असंही नाही, ठेवू नका असंही नाही. त्यांनीही विचारलं नाही. कानटोपी दिली, मफलर दिला. ते दोनदा चप्पल घालून परत आत आले. एकदा चष्म्यासाठी, आणि एकदा उगाचच.

परतल्यावर पलंगाच्या कडेवर बसले. मग सांगितलं. मॅजिस्ट्रेटसमोर दहा-बारा माणसं रांगेत उभी होती आणि सगळ्यांच्या डाव्या भुवईवर कागदाची पट्टी चिकटवलेली. कुणाची खूण दिसू नये म्हणून तसं करतात. काका म्हणाले, "अनु, ते पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला. आता मला तो माणूस ओळखताच येणार नव्हता. यात कोणी नाही, असं सांगायचं, तेही खरं. आणि त्याला सांगायचं, बाबा, पट्ट्या होत्या, मी काय करू?"

रांगेवरून पुढे जात जात ते शेवटाला पोचत आले होते. तिथे एक जण घामाने भिजला होता. फेब्रुवारीत, त्या थंडगार आवारात. त्याच्या पट्टीचं एक टोक सुटून लोंबत होतं, आणि खाली खूण दिसत होती.

काका थांबले. ते थांबले हे मॅजिस्ट्रेटनेही पाहिलं. तो माणूस हळूच म्हणाला, "बाबूजी, आपने हमें देखा है कभी?"

काका मला म्हणाले, "मला नाही म्हणायचं होतं. तोंड उघडलं तेही त्यासाठीच. मला तुझी देवळाची पायरी दिसली." आणि ते "हाँ" म्हणाले. हात ठेवला.

बाहेर दरोगाजींनी चहा पाजला. म्हणाले, "आप जैसे लोग हों तो शहर सुधर जाए." मोहल्ल्यातही नाव झालं आहे. सक्सेनाजींच्या पत्नी पार्वतीजी घरी आल्या आणि काकांच्या पाया पडल्या. मी त्यांना उठवलं आणि आत चहा टाकायला गेले.

फोन आता येत नाही. तुला वाटेल, सुटलात. पण तुझ्या सिनेमासारखं हे दोन तासांत संपत नाही. खटला उभा राहील, काकांना पिंजऱ्यात उभं राहून पुन्हा "हाच" म्हणावं लागेल. मग वरचं कोर्ट. तो भुवईवाला दर तारखेला समोर असेल. त्याने तीन केले असतील, मला माहीत नाही. हा त्याने केलेला नाही, एवढं मात्र या गावात आम्हा दोघांना माहीत आहे, आणि त्या निळ्या जॅकेटवाल्याला.

आता जे लिहिते, त्यासाठीच खरं तर हे पत्र आहे. कालपासून काकांनी एक नवीन सुरू केलंय. जेवताना मध्येच थांबतात. म्हणतात, "अनु, दुकानात आला होता त्याच्या भुवईवर पण काहीतरी होतं, नाही का?" आज सकाळी दाढी करताना म्हणाले, "चाटच्या गाडीपाशी अंधार पडला होता. माणूस चुकू शकतो. परेडमधला तोच असेल." आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिले.

त्या गाडीवर हा एवढा दिवा होता, अमोघ. मी त्या पोराच्या नखांतली चटणीसुद्धा पाहिली आहे. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला एक पैशाचं खोटं सांगितलेलं नाही. त्यांनी तसंच आरशात बघत विचारलं, "तोच होता ना गं?"

मी म्हटलं, "हो. तोच होता."

मग त्यांनी दाढी पुरी केली. आता रोज विचारतील, आणि मी रोज सांगेन.

जे त्यांना सांगता येत नाही ते तुला सांगून बसलेली,
तुझी
अनुआत्या