हौसाच्या तीन स्थळांचा खुलासा

॥ श्री ॥

माधवनगर,
१२ ऑगस्ट १९७४

तीर्थरूप नानासो यांना आकारामचा नमस्कार. वहिनींनाही सांगावा.

गुडघ्याला आता उतार पडला असेल. गेल्या गुरुवारी तुमच्या बहिणीचं, बनूचं वर्षश्राद्ध झालं. तुम्हाला साताऱ्याहून येता आलं नाही, पण तुम्ही आला नव्हता असं कुणाला वाटलं नाही. तुमच्या तीन पोस्टकार्डांत काय काय करायचं ते सगळं होतं (आमटीत मीठ किती, हेसुद्धा). सगळं तसंच केलं.

पत्राचं कारण असं. गेल्या वर्षी दहाव्याला घाटावर तुम्ही सर्वांदेखत मला सांगितलंत की, आई गेली की पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर पुढं तीन वर्षं दारात मांडव घालता येत नाही. "दाजी, तीन वर्सानं हौसा तिशीला टेकंल. मग तिला कोन करून घेनार?" असं तुम्ही विचारलंत आणि तीन स्थळांची यादी माझ्या खिशात घातलीत. वर्ष संपलं. लग्न झालं नाही. तेव्हा तिन्ही ठिकाणी काय घडलं ते तुम्हाला कळवणं माझ्याकडे लागतं.

मी बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. अठ्ठावीस वर्षं मिलमध्ये कापड तपासतोय, कापडाशी बोलावं लागत नाही. घरातलं बोलणं बनू बघायची. म्हणून यादी देताना तुम्ही म्हणालात की माझी गप्प बसायची सवय या कामात उपयोगी पडेल. मुलगी काय करते असं विचारलं तर "मुंबईला शिकते" एवढंच सांगायचं. शिवाय लग्नानंतर तिचं काम बंद, हे तिन्ही घरांनी आधीच तुमच्याकडे कळवलेलं होतं, त्यामुळे ते काम कसलं याची चौकशी होण्याचं कारण नव्हतं.

पण चौकशी झाली. पहिलं स्थळ तासगावचं, द्राक्षबागाईतदार आप्पासोंचं. माघात गेलो. बरोबर माझी थोरली बहीण राहीबाई होती. (ती विधवा, म्हणून बायकांत पुढं बसायला नको असं तुम्ही लिहिलं होतं. ती पुढंच बसली.) आप्पासोंनी विचारलं, मुलगी नेमकं करते काय? मी राहीबाईकडे बघितलं. तिच्या तोंडात लाडू होता. म्हणून मी बोललो.

दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलायचा माझा विचार नव्हता. पण नानासो, हौसाला मुंबईला जाऊन आठ वर्षं झाली आणि ती काय करते हे मला तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. मी त्यांना मागाचं उदाहरण दिलं. (तुम्हालाही देतो, कारण तुम्ही सगळीकडे ती डॉक्टर आहे म्हणून सांगता. ती औषध देत नाही. गुडघ्याबद्दल तुम्ही तिला दोनदा लिहिलंत आणि तिनं दोन्ही वेळा उत्तर दिलं नाही, त्याचं कारण एवढंच.) धागा तुटला की चांगला माग आपोआप थांबतो. थांबला नाही तर खराब कापड वारांवर वार निघत राहतं. शरीरातली पेशी बिघडली की तीही तशीच आपणहून थांबते, म्हणजे मरते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये ती मरायचं सोडून देते आणि स्वतःसारख्या आणखी काढत सुटते. पेशी आपणहून कशी मरते आणि कधी मरत नाही, हे हौसा शोधते. मी आयुष्यभर खराब कापड बाजूला काढलं. माग का थांबला नाही, ते ती बघते.

हे सगळं चाळीस मिनिटं चाललं. शेवटी मी म्हणालो, आपण हे पोहे खातोय तेवढ्या वेळात प्रत्येकाच्या अंगात काही कोटी पेशी मेल्या असतील, आणि मेल्या म्हणूनच आपण धड आहोत. मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. मुलाच्या आजीनं आतून विचारलं, "आवं पावनं, मग आमच्या घरात आता सुतक धरायचं का कसं?" हौसाला विचारून कळवतो म्हणालो. (विचारलं. तिनं लिहिलं, आजींना माझा नमस्कार सांगा.) आप्पासो मात्र गंभीर झाले, मला बागेत घेऊन गेले आणि पांढरी भुरी पडलेली द्राक्षाची नऊ पानं कागदात बांधून दिली, हौसानं बघून औषध सांगावं म्हणून. पानं अजून आमच्या कोनाड्यात आहेत. नकार आठ दिवसांत आला.

दुसरं स्थळ विट्याचं. मुलगा मानसिंग, सोनं गाळायचं दुकान कोइमतूरला. चैत्रात जत्रेला गावी आला होता. चांगला मुलगा. मी सांगायला लागलो तसा पुढं सरकून बसला. तेजाबात हीण जातं आणि सोनं राहतं, तसंच का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, जवळजवळ तसंच, फक्त इथं हिणानं आपणहून जायचं असतं. त्याला ते पटलं. त्याच्या आईचा, शालूबाईंचा, प्रश्न वेगळा होता. दुकानात आठ कामगार, त्यांचा स्वयंपाक सुनेकडे. मुलीला स्वयंपाक येतो का?

खोटं बोलणं मला जमत नाही. मी सांगितलं की बाटलीतल्या पेशींना ती दर तिसऱ्या दिवशी अगदी थेंब मोजून खायला घालते, त्यात आजवर चूक नाही. माणसांच्या बाबतीत तसं सांगता येणार नाही. मागच्या दिवाळीत तिनं भात टाकला आणि वाचत बसली. पातेलं अजून वापरात नाही. शालूबाई म्हणाल्या, "आमास्नी सून पायजे, बाटल्या संबाळणारी न्हवं." यावर राहीबाई म्हणाली, "आट गड्यांचं रांधायचं तर आचारी ठिवा की. सून कशाला हुडकताय?" तिथून आम्ही चहा न घेता उठलो.

तिसरं स्थळ महाबळेश्वरचं, हॉटेलवाले तात्याबा. जाईपर्यंत ज्येष्ठ संपत आला होता. पाऊस असा की हॉटेल गवताच्या ताट्यांनी चारी बाजूंनी झाकलेलं, आत दिवसा कंदील, आणि चार महिने गिऱ्हाईक नाही म्हणून तात्याबांना भरपूर सवड. मी मागापासून सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा म्हणाले. पेशी सोडून हौसाला दाखवायच्या कार्यक्रमाला येता येत नाही, हे सांगितलं तर म्हणाले, "न बगताच पसंत. बाटल्या घिऊन या म्हनावं. हितं गारवा लय हाय, टिकत्याल." मी म्हटलं, पेशींना ऊब लागते. म्हणाले, "मग चुलीपाशी ठिवू." असा माणूस मी बघितला नाही. राहीबाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "आता रं काय करायचं?"

त्यानंतर चौथ्या दिवशी त्यांचं कार्ड आलं. "पत्रिका जमत नाही. राग नसावा." कार्ड सोबत जोडलं आहे. पुढं आषाढी झाली, मुहूर्त संपले आणि आता वर्षही संपलं.

माझ्याकडून प्रयत्नांत कसूर झाली असेल तर क्षमा असावी.

आपला,
आकाराम

ता. क. कार्डावर लिहिलं आहे ते खरं नाही. पत्रिका जमत होती, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. पण राहीबाईनं बाजूला घेऊन विचारल्यावर मी परत जाऊन बसलो आणि तात्याबांना खरं ते सांगितलं. हौसाला स्कॉटलंडहून बोलावणं आहे. पेशींच्या या मरणाला दोन वर्षांपूर्वी तिथल्याच लोकांनी नाव दिलं. काम तीन वर्षांचं. पत्र येऊन चार महिने झाले होते आणि ती मला फक्त "दादा, तुम्ही म्हणाल तसं" एवढंच लिहीत होती. तात्याबांनी कंदिलाची वात वर केली आणि म्हणाले, "पत्रिका जमत न्हाई म्हनून लिवतो. त्याला कोन इचारत न्हाई." तासगावला जे झालं ते चुकून झालं. विट्याला मी ठरवून गेलो होतो. आता तीन वर्षं हौसाच्या लग्नाचा विषय कुणी काढायचा नाही. नियम तुमचाच आहे. तो भावकीत तुम्हीच सांगावा, तुमचं ऐकतात.

ता. क. दुसरा. बनू मिरजेला दवाखान्यात असताना एक दिवस हौसानं तिला तिच्या रक्ताच्या कॅन्सरचं सगळं समजावून सांगितलं होतं. (तुम्ही तेव्हा बाहेर डॉक्टरांशी भांडत होता.) बनूनं विचारलं, मग ह्या पेशींना मरायला लावायचं कसं? हौसा म्हणाली, ते अजून कुणालाच माहीत नाही. बनू म्हणाली, "मग हितं माझं पाय चेपत का बसलीयास? जा की." मी खुर्चीवर होतो. नेहमीप्रमाणे काही बोललो नाही.

ता. क. शेवटचा. तिकडं थंडी फार असते म्हणतात. तुमचा मिलिटरीचा ओव्हरकोट ट्रंकेत नुसता पडून आहे. शनिवारी साताऱ्याला तो न्यायला येतोय, उन्हात घालून ठेवावा. मी आल्यावर फार बोलणार नाही. तीन वर्षांचं बोलणं माझं या एका वर्षातच झालं आहे.